न विचारलेलं दुखणं

रत्नाच्या हातातली खिरीची वाटी तिच्या सासूने, पारूबाईंनी, सगळ्या पाहुण्यांदेखत काढून घेतली… आणि पंगतीतल्या बायकांचे हात ताटातच थांबले!

भागुजींच्या, म्हणजे रत्नाच्या सासऱ्यांच्या, स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन होतं त्या दिवशी. सकाळी वंदना झाली, भन्तेजी भोजनदान घेऊन गेले, पुरुषांची पंगत उठली आणि आता शेवटी घरच्या बायका जेवायला बसल्या होत्या. पहाटेपासून चुलीपुढं राबलेल्या रत्नाने एक घोट घ्यावा म्हणून वाटी ओठांशी नेली होती, इतकाच काय तो तिचा अपराध.

"डाक्टरनं गोड बंद केलंया तिचं," वाटी आपल्या ताटाशेजारी ठेवत पारूबाई म्हणाल्या.

"अगं पारू, पन ओठाला लागल्यालं असं हिसकावून घ्यायचं व्हय?" निरगुडसरहून आलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीला, धोंडाबाईंना, राहवलं नाही.

"हिसकावतीया कुठं? शिकल्याल्या मानसानं सांगितलंय, तोंडाला कुलूप लावा म्हनून. आपून त्याच्यापरीस शानं का?"

धोंडाबाईंची सून पदराआड हसली. "मावशी, हितं तुमी कुलूप लावाल वो. हॉटेलात कोन लावनार?"

मग सगळ्याच हसल्या आणि रत्नाही हसली. हसण्यावारी नेलं की विषय लवकर मिटतो, हे तिला आता अनुभवाने कळलं होतं. ती ताट तसंच ठेवून उठली, मागच्या दारी जाऊन खिरीचं पातेलं घासायला घेतलं आणि तिथं मात्र तिचे डोळे भरून वाहू लागले… पण हल्ली रडण्याचाही शीण येई. पातेलं निम्मं घासून होतं न होतं तोच तिला दम लागला आणि ती तिथंच भिंतीला टेकून बसली.

अशी नव्हती हो रत्ना! आळेफाट्याजवळच्या या वस्तीवर ती लग्न होऊन आली तेव्हा पाचवारी साडी तिच्या अंगाला दोनदा गुंडाळून उरायची. "पोरगी हाय का काडी?" म्हणून भागुजी हसायचे. आपल्या हाताने तिच्या पानावर तूप वाढणारे ते सासरे… तीन वर्षांपूर्वी ऊस भरलेल्या ट्रॅक्टरखाली सापडून गेले, आणि घराचा कणाच मोडला. नवरा अमृत दुसऱ्याचा टेम्पो चालवणारा. कधी नारायणगावचा टोमॅटो घेऊन मुंबईला, कधी कांदा घेऊन नाशिकला. धाकटा दीर संघर्ष तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. वडिलांचा जलदानविधी उरकल्यावरही त्याने बॅग भरायचं नाव काढलं नाही. "मी आता कंपनीत लागतो," म्हणाला.

भागुजींचा एकच ध्यास होता, या घरात एक तरी पोरगा साहेब झाला पाहिजे. रत्नाने भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे पाहिलं आणि दिराला म्हणाली, "भाऊजी, तुमी कालेजला जावा. बाकीचं मी बघते." आणि तिने बघितलंही. दुसऱ्या आठवड्यापासून ती फाट्यावर सावळेरामच्या हॉटेलात भाकऱ्या थापायला जाऊ लागली.

भाकऱ्या थापणं हे सांगायला सोपं काम आहे. सावळेरामच्या भटारखान्यात गॅसची मोठी शेगडी कमरेएवढ्या ओट्यावर होती, तेव्हा बसायची सोयच नाही; सकाळी दहाला उभं राहायचं ते दिवेलागणीपर्यंत. नाशिककडे जाणारे, नगरकडे जाणारे, ट्रकवाले, एसटीतले, सगळे म्हणायचे, 'मावशी, गरम येऊ द्या.' वर्षभरात रत्नाची कंबर गेली. मग गुडघे. संध्याकाळी घरी येताना पायवाटेवर ती दोनदा बसायची, आणि घरी आल्यावर कुणाला कळू नये म्हणून दारात चपला काढतानाच चेहरा सारखा करायची.

पण पारूबाईंना कळलं. तरुणपणी रस्त्याच्या कामावर खडी फोडलेल्या त्या बाईला कंबर धरून चालणारी सून ओळखायला वेळ लागत नाही. त्या बोलल्या काही नाहीत, आठवडे बाजारातून येताना मात्र एक पुडकं घेऊन आल्या. बाजाराच्या कडेला छत्री लावून, भोंग्यावर ओरडून हाडं-सांध्यांचं औषध विकणारा एक माणूस बसायचा. डोंगरातली अस्सल जडीबुटी म्हणायचा. त्याच्याकडच्या करड्या पावडरीच्या पुड्या होत्या त्या.

"सकाळ-संध्याकाळ च्यासंगं घे," त्या म्हणाल्या. "माज्या गुडघ्याला मी घेती कवा कवा. लई गुन हाय."

आणि गुण आलाच की! चार दिवसांत कंबर जणू परत मिळाली. कृतज्ञतेने रत्नाचा ऊर भरून आला. आईवेगळी वाढलेली ती… तिच्या दुखण्याची कुणी न सांगता दखल घेतली होती! तेव्हापासून पुडी म्हणजे तिच्या चहाचाच भाग झाली. दर बाजाराला पारूबाई आठवणीने आणायच्या आणि रत्ना विश्वासाने घ्यायची.

त्यानंतर कधीतरी तिचं अंग भरू लागलं. आधी बायकांनी कौतुक केलं, सासरचं मानवलं म्हणाल्या. मग चेहरा गरगरीत झाला, गाल लाल दिसू लागले, पोट पुढं आलं, मानेच्या मागं मांसाचा उंचवटा आला. हातपाय मात्र बारीकच राहिले, उलट पिंढऱ्यांतला जोर गेला. जिना चढताना कठड्याला धरावं लागे. कुठं जरा लागलं की काळंनिळं होई, आणि पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे उमटले होते, ते तिने अमृतलासुद्धा लाजेने दाखवले नाहीत.

आणि लोक काय म्हणाले? हॉटेलात काम करते ना… खात असेल! एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं. ज्या भटारखान्यात दिवसभर तेलाच्या वासाने तिची भूक मरून जायची, जिथं ती दुपारी उभ्याउभ्या चटणी-भाकरी खायची, त्याच भटारखान्याने तिच्यावर चोरीचा आळ घातला. पुण्याहून संघर्षचा फोन आला की तो हसत म्हणायचा, "वहिनी, जरा कंट्रोल कर गं. मोबाईलवर डाएटचे व्हिडिओ पाठवलेत, बघ." त्याच्या कॉलेजच्या प्रत्येक दिवसामागं किती भाकऱ्या थापल्या गेल्या होत्या ते त्याला ठाऊक नव्हतं असं नाही, पण माणसाला दुसऱ्याचे हात दिसत नाहीत, पोट दिसतं. रत्ना "बघते भाऊजी" म्हणायची आणि फोन ठेवायची.

शेवटी तीच सासूला म्हणाली, "आत्या, मला एकदा दवाखान्यात दाखवू या का?"

फाट्यावर एक मोठा दवाखाना झाला होता. काचेचं दार, आत थंड हवा, बाहेर चपलांचा ढीग. रत्ना रात्रभर मनात उजळणी करत होती. आधी पोटाचं सांगायचं, मग पिंढऱ्यांचं, मग झोप लागत नाही ते… नंबर आला तेव्हा डॉक्टर मोबाईलवर बोलत होते. बोलणं संपवून त्यांनी काट्याकडे बोट केलं. आकडा पाहून भुवया उंचावल्या.

"काम काय करता?"

"हॉटेलात… भाकऱ्या…"

डॉक्टर दिलखुलास हसले. "मग रोग माझ्याकडे कशाला विचारता? दिवसभर चाखणं चालूच असणार!"

"न्हाई साहेब, मी खात न्हाई एवढं. भूकच न्हाई लागत. पोटावर असे जांभळे पट्टे…"

"वजन वाढलं की कातडी ताणते. सगळ्याच बायका म्हणतात, आम्ही काही खात नाही. हवा खाऊन कुणी फुगतं का? गोड बंद, भात बंद, एक वेळ जेवा, तोंडाला कुलूप लावा आणि चाला."

"चालवत न्हाई, पायात…"

"चालायला लागलं की चालवतं. पुढचा पेशंट!"

एवढंच. पोटावरचे पट्टे त्यांनी पाहिले नाहीत, हात हातात घेतला नाही, दुसरं काही घेता का, हेही विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी रत्नाने पुडीचं नाव काढलं नसतं कदाचित. पुडी म्हणजे काय औषध होतं का? ती तर घरचीच होती! तिच्या मनाला मात्र सगळ्यात जास्त लागलं ते हे, की शेजारच्या खुर्चीत बसलेल्या पारूबाई त्या डॉक्टरच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या.

या घरात शिकलेल्या माणसाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. भागुजी अंगठेबहाद्दर, पारूबाई अंगठेबहाद्दर. पण अक्षराने आपल्याला माणूस केलं हे दोघांच्या रक्तात भिनलेलं. अंगारे-धुपारे त्यांनी कधीच घराबाहेर घातले होते. एवढी बुकं वाचून खुर्चीत बसलेला माणूस न बघता, न ऐकता बोलेल, हे पारूबाईंच्या कल्पनेतच बसत नव्हतं. तेव्हा चुकत असेल तर सूनच चुकत असणार. त्या दिवसापासून त्या रत्नाच्या ताटाच्या पहारेकरीण झाल्या. एक भाकरी, तीही त्या हाताने मोजून द्यायच्या. शेंगदाण्याच्या डब्याची जागा बदलायच्या. हॉटेलातून आली की तिच्या तोंडाचा वास घ्यायच्या… हो, वाससुद्धा! रत्ना डोळे मिटून उभी राहायची. वाद घालायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

त्या हिवाळ्यात तो पुडीवाला बाजारात यायचा बंद झाला. कुणी म्हणालं पोलिसांनी हुसकावला, कुणी म्हणालं दुसऱ्या तालुक्यात गेला. पारूबाई दोन-तीन बाजार रिकाम्या हाताने परतल्या. आणि थंडी तर अशी पडली, की त्यांचे गुडघे आखडून गेले. उठताना त्यांच्या तोंडून कळ निघायची. एका सकाळी त्या न्हाणीतून परत येताना दारातच बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या, "मेल्यालं बरं गं बये, ह्या कळंपरीस…"

रत्नाच्या डब्यात तेवढ्याच काय त्या पुड्या उरल्या होत्या, ओंजळभर. तिने त्या सगळ्या सासूच्या हातावर ठेवल्या.

"आनि तुला गं?"

"माज्याकडं हायेत अजून. हॉटेलात ठेवल्यात."

आयुष्यात धडधडीत खोटं ती बहुधा पहिल्यांदाच बोलली. पारूबाईंनी पुड्या आपल्या चंचीत, पानतंबाखूच्या पिशवीत, नीट दडवल्या आणि निर्धास्त झाल्या. सासू चार पावलं सुखाने चालली तर आपली कंबर जरा दुखली म्हणून काय बिघडलं, असा रत्नाचा साधा हिशोब होता.

पण नुसती कंबर दुखली नाही. आठवड्याभरात तिचं सगळं अंगच गळाल्यासारखं झालं. उठलं की डोळ्यांपुढं अंधारी, अन्नाच्या वासाने उमासे, हाडंन् हाडं ठणकणारी. ती कुणाला न सांगता पुन्हा त्याच काचेच्या दारात जाऊन उभी राहिली. डॉक्टरांनी काट्याकडे बोट केलं आणि आकडा पाहून खूश झाले.

"बघा! उतरलं की नाही? तोंड बंद ठेवलं की असं असतं."

"साहेब, उलट्या व्हत्यात. उभं ऱ्हावत न्हाई. असं वाटतं की आता…"

"भुकेची सवय नाही ना शरीराला. होईल सवय. छान चाललंय, चालू ठेवा."

छान चाललंय! ती बाहेर येऊन त्या चपलांच्या ढिगाशेजारी पायरीवर बसली. जगात आपलं म्हणणं ऐकून घेईल असं एकही माणूस नाही, असं तिला त्या क्षणी निखालस वाटलं. आणि नवल म्हणजे तिला दुःखही फारसं झालं नाही. फक्त निजावंसं वाटलं, तिथंच, त्या पायरीवर. मग हॉटेलाची वेळ झाली म्हणून ती उठली.

दुपारची गर्दी होती. शिर्डीला निघालेली एक आख्खी बस हॉटेलात उतरली होती. "रत्ना, पिठलं-भाकरीची वीस ताटं!" सावळेराम ओरडला. तिने गोळा घेतला, थापला, तव्यावर टाकला, पाणी फिरवलं… पुढचा गोळा हातातच राहिला. कांदा चिरणाऱ्या साळुबाईने पाहिलं तेव्हा रत्ना ओट्याला धरून सावकाश खाली बसत होती, बसायला उसंत मिळाल्यासारखी. मग तिची मान लवंडली.

"अगं रत्ने! रत्ने!! सावळेरामभाऊ, पळा वो… ही गार पडली!"

सावळेरामने गल्ला उघडा टाकून जीप काढली. त्याच्या हॉटेलाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं असेल. आणि साळुबाई शहाणी, ती म्हणाली काचेच्या दवाखान्यात नको, सरकारी दवाखान्यात चला. माझ्या पोराला तिथल्या डॉक्टरीणबाईंनीच वाचवलंय.

पुढचं रत्नाला तुटक-तुटक आठवतं. पांढरं छत, दंडाला गच्च आवळलेला पट्टा, कुणीतरी म्हणालं, "बीपी लागत नाहीये." मग अमृतचा कापरा आवाज. तो आळे गावातून तसाच टेम्पो घेऊन आला होता. आणि मग एक बाईमाणसाचा, दमलेला पण शांत आवाज. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावरचा कपडा बाजूला केला आणि त्या थबकल्या. बोटांनी पट्टे पाहिले, मानेमागचा उंचवटा पाहिला, दंड चाचपला.

"या काय खात होत्या?"

"एकच भाकर, बाई!" पारूबाई घाईने म्हणाल्या. "मी सोता मोजून देती. चोरून खात आसंल तर तेवढं…"

"आजी, मी जेवणाचं नाही विचारत. कसली पुडी, काढा, गावठी औषध? सांधेदुखीचं वगैरे?"

"कायबी न्हाई," अमृत म्हणाला. "गोळी न्हाई, औषध न्हाई."

मग पारूबाईंनी कमरेची चंची सोडली. सुपारीच्या तुकड्यांतून चाचपून एक पुडी काढली आणि डॉक्टरीणबाईंच्या हातावर ठेवली. "ही घेती ती. दोन वर्सं झाली. मीच आनून देती. बाजारातली जडीबुटी हाय, चांगली असती…"

बाईंनी पुडी उघडली, बोटावर घेऊन पाहिली आणि सुस्कारा सोडला. "आजी, असल्या पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइडची गोळी कुटून घालतात. दुखणं पळतं, पण अंगावर सूज चढते, चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातापायांतली ताकद जाते. हे खाण्याने वाढलेलं अंग नाही. आणि रोज घेणाऱ्याने ती एकदम थांबवली तर शरीर कोसळतं. तसंच झालंय हे. यांनी पुडी कधी बंद केली?"

"बंद? बंद न्हाई केली, तिच्याकडं हॉटेलात…" पारूबाई बोलता बोलता थांबल्या.

त्यांनी साळुबाईकडे पाहिलं. साळुबाईने मान हलवली. "हॉटेलात कायबी नव्हतं तिचं, मावशी. अंगावरचा पदर अन् एक डबा."

पारूबाईंची नजर हातातल्या चंचीवर खिळली. ओंजळभर पुड्या… सुनेने हसत हातावर ठेवलेल्या! रत्नाला अर्धवट मिटल्या डोळ्यांनी त्यांचा चेहरा दिसत होता. नवरा ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा ज्या बाईने लोकांपुढं एक हुंदका दिला नव्हता, ती बाई आता भिंतीला टेकून सरकत सरकत फरशीवर बसली आणि तिने दोन्ही हातांनी आपल्या थोबाडात मारून घ्यायला सुरुवात केली!

"मीच घातलं गं तुज्या पोटात ईख… आनि मीच तुज्या तोंडाचा वास घेतला! कसली गं मी बाई… कसली बाई मी!"

"आजी, आजी, थांबा," डॉक्टरीणबाईंनी त्यांचे हात धरले. "वेळेत आणलंय. इंजेक्शन दिलंय. वाचणार आहे ती."

रत्नाला उठून सासूचे हात धरायचे होते, पण तिला सलाइन लावलं होतं आणि बोटही उचलत नव्हतं. ती फक्त "आत्या…" एवढंच म्हणाली आणि तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला नीट जाग आली तेव्हा उशाशी पारूबाई बसल्या होत्या. पायथ्याला संघर्ष उभा होता, रातोरात पुण्याहून आलेला. त्याचे डोळे सुजलेले होते. "वहिनी," एवढं म्हणून त्याने तिच्या पायांवर डोकं टेकलं. "आवो भाऊजी, उठा, लोक बघत्यात," ती म्हणाली. तो उठला, आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिला.

पारूबाई कितीतरी वेळ तिचा पंजा कुरवाळत होत्या. मग खाली बघतच म्हणाल्या, "माजी धाकली भन, गेनू. तू नाय बघितली तिला. अशीच सुजत सुजत गेली, साखरंच्या दुखन्यानं. तिला आमी लाडू करून घालायचो, खा गं बाई म्हनून… तुजं अंग वाढाया लागलं तसं मला तीच दिसाया लागली बघ. वाटलं, हिला तरी राखावी. तुज्या ताटावर डोळा ठिवून बसले म्या. तुज्याकडं मातर बघितलंच न्हाई."

रत्नाच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं. इतके दिवस ज्या जाचाने ती पिचून गेली होती, त्या जाचाच्या मुळाशी भीती होती, माया होती… आधी कळलं असतं तर! पण आधी कळलं असतं तरी पोटात भूक ती भूकच, हेही तिला वाटलं आणि तिने ते मनातच ठेवलं.

"तुमाला तरी कुठं ठावं व्हतं, आत्या," ती म्हणाली.

"तुला इचारलं आस्तं तर कळलं आस्तं की."

रत्नाने त्यांची बोटं आपल्या मुठीत धरली.

आठवड्याने ती घरी आली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. आधी पूर्ण, मग हळूहळू कमी करत न्यायच्या, एकदम सोडायच्या नाहीत, असं चारदा बजावलं होतं. अंग उतरेल, पण त्याला महिने लागतील. आणि कंबर दुखेल, ती सोसावी लागेल, योग्य उपचार करू. पारूबाईंचे गुडघेही त्यांनी तपासले, पुडीला हात लावायचा नाही म्हणाल्या. तेव्हा आता घरात दोन दुखणाईत झाल्या. सकाळी उठताना एकीच्या खोलीतून 'आई गं' यायचं, मग दुसरीच्या. अमृत म्हणायचा, "घर हाय का एसटी स्टँड, सारखा कुनाचा तरी हॉर्न वाजतोय!" आणि कितीतरी दिवसांनी रत्ना खरोखरची हसली.

पण एक गोष्ट तिच्या ध्यानात येऊ लागली. सकाळचं आवरलं की पारूबाई काठी घेऊन बाहेर पडत, "विहारात झाडलोट हाय" म्हणत, आणि परतायच्या त्या उन्हं कलल्यावर. चेहरा ओढलेला, पाय फरफटत. विहार तो केवढा आणि झाडलोट ती किती! एकदा त्यांच्या पदराला वाळलेलं पीठ दिसलं. दुसऱ्या दिवशी त्या गेल्यावर रत्नाने चप्पल घातली आणि थांबत थांबत, फाट्यापर्यंत चालत गेली.

भटारखान्याच्या मागच्या दारात ती उभी राहिली आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

ओट्यावरची मोठी शेगडी आज बंद होती. खाली एक छोटी शेगडी मांडलेली होती आणि टोमॅटोच्या पालथ्या क्रेटवर, दुखरे पाय पुढं पसरून, पारूबाई भाकरी थापत होत्या! कपाळावरचा घाम मनगटाने पुसत होत्या. तव्यावरची भाकरी उलटताना पुढं वाकावं लागे, तेव्हा त्यांचा जबडा घट्ट मिटे.

साळुबाई तिला पाहून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "तू दवाखान्यात हुतीस तवापासनं येत्यात. सावळेरामभाऊ दुसरी बाई बघत व्हता. ह्या म्हनल्या, माज्या सुनंची जागा हाय ती, कुनाला द्यायची न्हाई. तिचा दीर साहेब व्हईस्तोवर म्या थापीन. खाली शेगडी बी त्यांनीच भांडून मांडून घेतली."

रत्ना त्या क्रेटकडे पाहत राहिली. या भटारखान्यात असल्या क्रेटांची कायम चळत लागलेली असायची. तीन वर्षं ती त्या चळतीशेजारी उभी राहिली, कंबर मोडेपर्यंत… आणि एक क्रेट पालथं घालून बसावं, शेगडी खाली घ्यावी, हे सावळेरामला सुचलं नाही, अमृतला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही कधी मागावंसं वाटलं नाही.

"आत्या!"

पारूबाई दचकल्या. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा उतरला. "तू कशाला आलीस गं? डाक्टरीनबाईनं हिंडू नगं म्हनलंय न्हवं?"

"तुमच्या गुडघ्याला काय म्हनल्या त्या?" रत्ना आत येत म्हणाली. "उठा बरं. उठा आधी. तुमी ह्या वयात माज्यासाठी…"

"तू कुनासाठी उभी ऱ्हायली व्हतीस?" पारूबाई म्हणाल्या. "तुज्या घरासाठी न्हाई. माज्या पोरासाठी. माज्या मालकाच्या सपनासाठी. तवा म्या घरात बसून व्हते की नाय? मंग आता तू बस."

रत्ना जमिनीवर बसली, सासूच्या पसरलेल्या पायांशी, आणि त्या पायांवर कपाळ टेकवून रडू लागली. आवाज न करता रडायची तिची जुनी सवय. पण आज सवय मोडली. साळुबाईने कांद्याची पाटी उचलली आणि उगाच बाहेर गेली. बाहेरून सावळेराम ओरडला, "मावशी, चार नंबरला भाकरी कुठंय?"

"थांब म्हनावं चार नंबरला!" पारूबाई कडाडल्या.

त्यांनी तव्यावरची भाकरी काढली आणि शेगडी बंद केली. पिठाचा हात पदराला पुसला. शेजारचं एक रिकामं क्रेट पायाने ओढून पालथं घातलं आणि रत्नाच्या दंडाला धरून तिला त्यावर बसवलं, आपल्यासमोर, अगदी समोर.

"आता सांग," त्या म्हणाल्या. "कुठं कुठं दुखतंय तुजं? पयल्यापासनं सांग. मला काई घाई न्हाई."

रत्नाने डोळे पुसले. कुठून सुरुवात करावी हे तिला सुचेना, कारण हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग ती कंबरेपासून सांगू लागली.